बोटुकली

टाकीवाला मौद्याला आला तेव्हा
मी ताडपत्री, एअरेटर, सगळ्यालाच मान डोलावली.
सहा महिन्यांचा नफाही
त्यानं माझ्याच वहीत लिहून दिला.

मामाजींनी बिडी विझवली.
'मे महिन्यात रातच्याले लाइन गेली, तं
ह्या मासोळ्या सास कोणाले मांगतीन?'

त्याच्याकडे इन्व्हर्टरचंही पत्रक होतं.

मग दुपारभर मी शेततळ्याच्या काठावर.
शेवाळ, चिखल, एक बगळा,
हमी कसलीच नाही.
पाण्यावरून वारा तेवढा फिरत होता, फुकट.

रोहू, कटला, थोडी मृगळ. हजारच घेतली.
पिशवी आधी नुसती तरंगू दिली,
आतलं-बाहेरचं पाणी सारखं कोमट होईस्तोवर.
गाठ सोडली.
एकीनंही वळून पाहिलं नाही.

आज टाकीवाल्याचा फोन वाजत राहिला.
हात माझे कोपरापर्यंत
धानाच्या कोंड्यात.