तासणी

सोलापूरच्या एप्रिलात माती कुणासाठी थांबत नाही.
सकाळी चाकावरून उतरवलेला वाडगा
अकराला अंगठ्याचा ठसा घेतो,
साडेबाराला नाही.
जे तासायचं ते मधल्या दीड तासात.

रेवणसिद्धमामा ओली चादर उचलतात
(तिच्यावरचे मोर केव्हाच मातीत गेलेत),
वाडगा पालथा घालतात, तीन गोळ्यांनी अडवतात,
बुडावर टिचकी.
"ऐक की बे. अजून जाड बोलायलंय."

मी पुण्याची तासणी काढली,
सागवानी मूठ, चकचकीत कडं, साडेचारशे रुपये.
तिसऱ्या वाडग्याला ती कापेना, नुसती चोळू लागली.
मामा काही बोलले नाहीत.
कमरेची आपली दिली:
चादरींचे गठ्ठे आवळतात ती लोखंडी पट्टी,
वाकवून, बांबूच्या कांबीला तारेनं बांधलेली.
"धार रोज लावायची, फरशीवर.
आळशाला कुठलीच तासणी चांगली नसती."

मग साल सुटली. लांब, ओली,
मनगटावर येऊन पडणारी.
आणि मला हाव सुटली.
अजून हलका. अजून एक फेरा.
टिचकी बारीक होत गेली, बारीक,
आणि बुडाला भोक.
आत रुपयाएवढा अंधार गरगरत होता.

मामांनी चाक थांबवलं, भोकात करंगळी घातली,
कड चाचपली.
"एवढीच होती बघ. कागदाएवढी."
म्हणाले ते जरा कौतुकानंच, की मला तसं वाटलं.

वाडगा सालींच्या बादलीत.
पलीकडच्या गल्लीत माग खटखटत होते.
साडेबाराला अकरा मिनिटं कमी.
मी पट्टी फरशीवर घासायला बसलो.