नाव चढलं

वाल्दिव्हियात रात्रपाळीला मी एकटा,
पाय हीटरशी, पेला थंड झालेला.
अकरा चाळीसला ओरियेता चिग्वाय लिहिते,
"फोटो चढत नाहीत."
नमस्कार नाही, चमत्कार नाही.

मी नेहमीचं विचारतो. केवढे? कुठून? पडद्यावर काय उमटतं?
चिलोए बेट, ती सांगते, दाल्कावे गाव,
काकांचा बोटी बांधायचा कारखाना.
एकवीस फोटो, एकेक नऊ एमबीचा.
लाल काही येत नाही. हिरवी खूण येते,
आणि साइटवर पांढरा चौकोन.

आधी वाटलं, मर्यादा. आठाची होती, चौसष्टची केली.
मग फोल्डरच्या परवानग्या.
कुलूप नव्हतंच, मी उगाच किल्ल्या वाजवल्या.
मग फाइलचं नाव: "शेवटची लाँच खरंच शेवटची",
पुढे बोटीचं नाव, त्यात एन्ये, डोक्यावर लाट घेतलेलं.
म्हटलं, ती लाट काढून बघा.
"बोटीच्या नावातून?"
मी गप्प बसलो.

शेवटी फोल्डर उघडलं.
एकवीस नावं ओळीनं. प्रत्येकासमोर शून्य केबी.
नाव चढलं होतं,
नाव चढली नव्हती.

म्हणजे जागा. हे पहिल्यांदा बघायचं असतं,
नव्या पोरांना मीच शिकवतो.
पाच जीबीपैकी पाच भरलेले,
आणि भरलेत कशानं, तर टपालानं.
देल्फिन काकांच्या नावाची पेटी,
अकरा वर्षं, एकही पत्र उघडलेलं नाही.

"त्यांना पत्ता आहे हेच त्यांना माहीत नाही," ती लिहिते.
"ब्याऐंशीचे आहेत. फोन कानाला उलटा धरतात."

नियमाप्रमाणे मी कळवलं,
सगळं निवडा, डिलीट करा, कचरापेटीही रिकामी करा.
तीन ठिपके आले. गेले.
अर्धा तास काही नाही.

मग तुकड्यातुकड्यांनी:
"औषधांच्या जाहिराती, चार हजार."
"लॉटरी लागली, नऊदा."
"थांबा."
"आंकूदचा कुणी एर्मोहेनेस सोतो. सात वर्षांपूर्वी.
नऊ मीटरची लाँच हवी, सिप्रेसची,
पैसे साठवलेत, कळवा."
"पुढच्या वर्षी परत तोच."
"त्याच्या पुढच्या वर्षी:
दॉन देल्फिन, मी काही चुकीचं लिहिलं का?"

आमच्याकडे तयार उत्तरं असतात, बावीस.
आठव्या क्रमांकावर 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत'.
बोट तिथवर गेलं, दाबलं नाही.

जाहिराती गेल्या, तीन जीबी मोकळे झाले.
पहिला फोटो चढताना पट्टी मध्येच अडकली,
मग सरकली.
मी उघडून पाहिला. पाहायचा नसतो खरं तर.
ओहोटीचा चिखल, टेकूंवर उभा सांगाडा,
अर्ध्या फळ्या अजून लागायच्या,
खाली पाठमोरा म्हातारा, कानामागे पेन्सिल.

सव्वातीनला ती लिहिते,
"काका लघवीला उठले होते. वाचून दाखवलं.
म्हणतात, विचार त्याला,
नऊ मीटर आतून की बाहेरून."

पाठवलंय म्हणे. अजून तरी परत आलेलं नाही.
एकविसातले सतरा चढलेत.
तिकीट मी उघडंच ठेवलंय.