दीड बोट

साहेबानं मोबाईलवर दाखवली तशीच पाहिजे होती:
चारी भिंतींलगत कड, बाहेरून शिसम,
मधात हळदूच्या पिवळ्या शंकरपाळ्या,
आतून पुन्हा शिसम, करंगळीएवढी.
जमीन मात्र जुनीच ठेवायची. सागाची.

आलापल्लीच्या पल्याडचा हा रेंज बंगला
किती सालचा, कोणी लिहून ठेवलेलं नाही.
कोणा एका रात्री कंदील कलंडला असेल,
त्याचा काळा चंद्र
अजून खिडकीखाली आहे.

पोचूनं नीळ लावलेली दोरी ताणून धरली,
मी मधात उचलून सोडली. टण्ण.
रेघ पडली आणि माझं पोट खचलं.

खोली गुण्यात नव्हती.
कर्ण मोजले दोनदा,
मग पोचूला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पाठवून
तिसऱ्यांदा.
उत्तरेची भिंत विहिरीकडं सरकत गेलेली,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत
दीड बोट.

दीड बोट म्हणजे काही नाही, बाप्पा.
इतकी वर्षं कोणाला दिसलं?
पण कड घातली की कड बोलते.
वाकड्या भिंतीजवळ सरळ पट्टी ठेवली
की पंगतीत फाटका सदरा दिसावा
तशी भिंत दिसते.
आणि साहेब सोमवारी येणार.

जैवंताबाई चहा घेऊन आली, चौकीदाराची बायको.
निळी रेघ ओलांडून आली, तिच्यावर पाय न देता.
"का झालं जी?"
सांगितलं.
हसली नाही, हे बरं केलं.
"मी घरी सारवतो ना,
मंग कडेनं चुन्याचं बोट फिरवतो.
भित जिकडं जाते तिकडं बोट जाते.
मोजून कोन काढते?"
तिच्या नखाच्या मुळाशी अजून पांढरं होतं.

चहा संपला तरी मी कप धरून बसलो.
मग पोचूला म्हणालो, बाहेरची शिसम रुंद घे.
भिंतीकडची बाजू भिंतीसोबत जाऊ दे,
आतली आपल्या दोरीनं.
इकडं तीन बोटं, तिकडं साडेचार.
काळ्या लाकडात चोरी पचते.

पहिला घाव घालताना पटाशी जड झाली.
नवं लाकूड आपलं कोणी लागत नाही.
हे कोणीतरी बसवून गेलेलं,
खिळे आत दाबून, वर मेण भरून,
आपल्यामागं कोणी उकरणार नाही
या भरवशावर.

उत्तरेच्या फळ्या उचलल्या, त्या
निमुळत्या निघाल्या.
सातच्या सात.
प्रत्येकीच्या एका टोकाला
रंध्यानं दीड-दोन सूत उतरवलेलं,
खाली पेन्सिलीचा बाण.

म्हणजे त्यालाही दिसलं होतं.
त्यानं ते सात फळ्यांत वाटून टाकलं,
घरात दुःख वाटून घेतात तसं.
मी एकाच पट्टीत कोंबणार होतो.

खूप वेळ रंधा हाती घेतला नाही.
पोचूनं विचारलं, बिडी पाहिजे का?

मीही खाली काही लिहावं असं वाटलं.
पेन्सिल कानावरच होती.
पण सरस ओतून झाला होता,
फळी दाबून धरायला दोन्ही हात लागले,
राहून गेलं.

सोमवारी साहेबानं बूट काढले नाहीत.
दक्षिणेच्या कोपऱ्यातून फोटो काढला,
हळदू चमकत होता, म्हणाला, फर्स्ट क्लास,
आणि बिल कमी करायला सांगितलं.

तो गेल्यावर जैवंताबाईनं ओला फडका फिरवला.
मग उकिडवी बसून काळ्या पट्टीवरून
बोट नेत गेली,
बारीक टोकाकडून, हळूहळू, जाड टोकापर्यंत.
तिथं थांबली.
"अठी ठेवलं ना?"

मी अवजारं पोत्यात भरत होतो.
पोचूनं उरलेल्या दोन शंकरपाळ्या
खिशात घातल्या.