अहवालात न लिहिलेलं

चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात युनियननं मला रशियाला धाडलं.
तांडापेठेतला मी कोष्टी, मिलमधे जॉबर,
अंगात चुलतसासऱ्याचा कोट,
पिशवीत अंबियाची दोन डझन संत्री,
आणि आईचं एकच सांगणं :
"कानाले फडकं बांधजो बापा."

दुभाषी बाईचं नाव निनेल.
बापानं लेनिन उलटा वाचून ठेवलं,
हे तिनंच सांगितलं, हसून,
मग आजूबाजूला पाहून.

पहिल्या दिवशी जमिनीखालचं स्टेशन दाखवलं.
संगमरवर, झुंबरं, वेळेवर गाडी.
ते अहवालात आहे. पान दोन.

हे नाही :
ड्रायव्हर गाडी उभी करायचा,
उतरून दोन्ही वायपर काढायचा
आणि पेपरात गुंडाळून बगलेत धरायचा,
लग्नाच्या मांडवात आपण नव्या चपला धरतो तसे.
मी विचारलं, पाऊस आला तर?
निनेल म्हणाली, पावसाची भीती नाही.

दुकानाच्या काचेत मासळीच्या डब्यांचा मनोरा,
टोकावरच्या डब्यावर धूळ.
आत एक बाई मण्यांच्या पाटीवर खटखट हिशेब करत होती,
कशाचा कोण जाणे, फळ्या तर रिकाम्या.
बाहेर रांग.
शेवटच्या माणसाला विचारलं, काय मिळतंय?
म्हणाला, पुढच्यांना ठाऊक असेल.
निनेल त्याच्यामागे उभी राहिली.
खिशातून दोऱ्याच्या जाळीची पिशवी काढली, मुठीत मावणारी.
त्या पिशवीला त्यांच्यात 'कदाचित' म्हणतात.

एक संत्रं तिला दिलं. तिनं सोललं नाही,
रुमालात बांधलं.
दोन दिवसांनी म्हणाली, पोरगा साल उशीखाली घेऊन झोपतो.

मग त्यांची गिरणी.
तिथं मला दुभाषी लागला नाही.
तिन्ही पाळ्या माग धडधडत होते,
कापड मातकट, जाडंभरडं.
वजनावर लक्ष्य ठरतं, म्हणून बाण्यात सूत कोंबायचं.
गोदामात गठ्ठे छताला टेकलेले,
खालचे बुरशीनं काळे.
मी काठ चिमटीत धरून पाहिला.
त्यांच्या जॉबरनं मला पाहताना पाहिलं.
दोघांनीही मान खाली घातली.

शेवटच्या रविवारी बाजारात
एक म्हातारा पोत्यावर बल्ब मांडून बसलेला,
सगळे उडालेले.
हलवला की आत तार किणकिणायची.
तरी गिऱ्हाईकं होती!
निनेल कानाशी आली :
हा कचेरीत लावायचा, तिथला चालू घरी न्यायचा.
मी हसलो. फार मोठ्यानं हसलो.
ती हसली नाही.

परतल्यावर गोळीबार चौकात सभा.
दवाखाना फुकट, शाळा फुकट, कोणी उपाशी नाही, मी बोललो.
टाळ्या पडल्या.
त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.
मागून डोमाजी निनावे उठला,
"अन् माणसं कशी होती गा?"
चांगली होती, म्हणालो,
आणि पाणी प्यालो.

पुढच्या हिवाळ्यात आमचा भोंगा घोगरा झाला.
स्टोअरमधे धोटा मागितला तर,
"पुढच्या महिन्यात या."
कँटीनचा पेला एका सकाळी साखळीला बांधलेला दिसला.
पगार सातचा सतराला.
लोक म्हणायचे, होईल बरोबर.
मी काही बोलायचो नाही.
हे सगळं मी एकवीस दिवस फुकटात पाहून आलो होतो.

मग एका रात्रपाळीला चौदा नंबरच्या मागावर अंधार.
स्टुलावर चढून बल्ब काढला,
कानाशी हलवला.
किणकिण.
आमचा नव्हता तो.
आमच्या बल्बांवर मिलचा लाल शिक्का असतो.

होता तसा परत फिरवून बसवला.
शेजारच्या मागावर माझा धाकटा भाऊ,
तुटलेला धागा सांधत होता,
नको तितक्या मन लावून.

पहाटे घरी आलो.
पोरगी उठून पाढे म्हणत बसली होती.
खोलीत लख्ख उजेड.
चूळ भरली, भाकर घेतली,
वर पाहिलं नाही.