राहिले चाळीस

आधी ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे शिकलगार,
शाहूपुरीत, एका पायमशीनवर.
मग विद्यापीठाच्या हॉस्टेलची चार पोरं आली,
पन्हाळ्याहून पावनखिंडीला निघालेली:
मामू, अंगात घालता येईल असं कायतरी द्या की.
उरलेल्या ताडपत्रीला त्यांनी बाह्या लावल्या.
हिच्या वजनापेक्षा पाऊस परवडला, म्हणाली पोरं,
तरी पुढच्या आषाढात चौदा जण आले.

नायलॉन नंतरचं.
टोपीच्या नाडीला चामड्याची गाठ,
चप्पल लाइनीतल्या दोस्ताकडची कातरण.

पाटी नव्हती. वही होती,
वहीत माणसांना गावांची नावं:
'कागल, परत आणलं, खिशात जळू.'
'गारगोटी, निळं, मोठं माप, राहिले चाळीस.'

गारगोटी म्हणजे मी.
टक्कल आणि तेच निळं घेऊन गेलो परवा.
शेजारी आता कंपनीचं शोरूम,
काचेत बर्फातला माणूस.
इकडे मशीनवर त्यांची शमीम.
पान सापडलं. मी नोट काढली.
राहू दे, म्हणाली,
अब्बांच्या अक्षरावर काट मारायला हात धजत नाही.

चेन तेवढी बदलून दिली.
तिचे साठ घेतले.