मनोऱ्याखालचं गवत

माझं काम गवत कापायचं. एवढंच.
ॲक्रनच्या दक्षिणेला, टायरच्या कारखान्यांपलीकडे,
सव्वातीन एकर मोकळं रान,
मधोमध लोखंडी मनोरा
आणि भोवती एक लाकडी कुंपण.

हुडाकसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं,
"क्लिओफस, त्याला हात लावू नकोस, जिवंत आहे तो.
आणि गवत टेकू देऊ नकोस त्याला."
का, ते नंतर कळलं.
दहा दिवस मी तापाने पडून, गवत माजलेलं,
एक ओलं पातं लोखंडाला लागलं
आणि चरचरत, निळ्या ठिणगीतून
अकॉर्डियन वाजवायला लागलं.
शप्पथ. पोल्का. गवताच्या पात्यातून.
मी टोपी काढून ऐकत राहिलो,
मग विळा आणला.

हुडाक थकले, स्टेशन विकलं.
नव्या मालकाने रात्र वर्नेल प्रुइटला दिली.
तोवर आमच्यातला कुणी त्या खोलीत गेला
तर झाडू घेऊन गेलेला.
वर्नेलचा आवाज म्हणजे काकवी,
सावकाश उतरणार, पण उतरणारच.
"तिसऱ्या पाळीच्या भावांनो, हात धुतलेत का?
रबराचा वास जाणार नाही, हे गाणं ऐका."
संपाच्या उन्हाळ्यात गाणी कमी,
कुणाकडे बटाटे जास्त झालेत,
कुणाच्या बाळाला दूध हवंय,
पत्त्यांसकट वाचायचा.
मालकाची चिठ्ठी आली : हे रेडिओत बसत नाही.
तीही त्याने वाचली.

मग डिस्को. अकरा महिने.
मग नुसत्या बातम्या, दर वीस मिनिटांनी त्याच,
रस्त्यांवरची गर्दी सांगायचे,
तेव्हा कारखाने बंद पडत होते आणि रस्ते ओस.

एकदा, बातम्या संपून सॅक्सोफोन यायच्या आधी,
लोकांचं कुतूहल वाढावं म्हणून
तीन दिवस काहीच लावलं नाही,
फक्त हृदयाचे ठोके.
धड्‌धड्. धड्‌धड्. जाहिरातसुद्धा नाही.
चौथ्या दिवशी फोन आला, आयडेला क्रम्प,
ऐंशीच्या घरातली बाई.
म्हणाली, आमचे हे गेल्यापासून
पहिल्यांदा सलग झोपले,
बंद का केलंत?
पोरींनी फोन हाताने झाकला, हसल्या.
मी पगाराच्या खिडकीशी उभा होतो.
मला हसू आलं नाही.

सॅक्सोफोन दातांच्या डॉक्टरकडे वाजतो तसा.
त्यावर बोलण्यासारखं काही नाही.
नंतर पोरांचं रॅप आलं,
माझा नातू टेरियस सुट्टीत सोबत यायचा,
लांब काडीला गवत बांधून, लाकडावर उभा राहून
मनोऱ्याला टेकवायचा,
आणि शिव्या ठिणग्यांतून बाहेर पडायच्या.
मी ओरडलो त्याच्यावर. पुन्हा लाव म्हणालो.

शेवटी माणसंच काढली.
टेक्सासातली एक पेटी सगळं वाजवायची.
बाहेर गुडघाभर बर्फ, मी फावड्याने वाट काढतोय,
आणि पेटी सांगतेय, आज लख्ख ऊन,
पोरांना तलावावर न्या.
त्यानंतर एका मंगळवारी तीही गप्प झाली.
मला कुणी कळवलं नाही.
शनिवारी गेलो, मनोऱ्याजवळचं गवत
त्याला टेकून उभं होतं. मुकं.

परवा पुन्हा गेलो. कुंपण पडलंय.
गवत कमरेएवढं, सगळं लोखंडाला रेललेलं,
काही पाती तर त्याच्या आत शिरलेली.
आयुष्यात पहिल्यांदा तळहात ठेवला.
गार. थोडा गंज आला हाताला.
घरी परतताना डोक्यात एकच :
एकेचाळीस वर्षं मला पगार मिळाला
तो गवताने बोलू नये म्हणून.

विळा डिकीतच होता.
काढला नाही.
एक पातं तोडून दोन अंगठ्यांमध्ये ताणून धरलं होतं,
लहानपणी धरायचो तसं, आणि फुंकलं होतं.
वाजलं. चिरकं,
पण कुठल्या तरी कुत्र्याने
लांबून उत्तर दिलं.