तीन बोटं

गंजगोलाईत आमचं बांगड्यांचं दुकान.
मला बायकांची तोंडं लक्षात राहत नाहीत,
मनगटं राहतात.
कुणाचं हाड आडवं, कुणाचा अंगठ्याखालचा उंचवटा आडमुठा.
हात मऊ सोडला तर दोन-चार सरसर चढते,
आखडला की दोन-सहाही अडते.

कौतिका, माझी नणंद, पक्की दोन-सहा.
तिच्या लग्नातला चुडा मीच भरला,
आणि दवाखान्यात उतरवलाही मीच.
सिस्टर म्हणाली, बांगड्या काढा, सलाईन लावायचंय.
मी म्हणाले, काढा नाही म्हणत बाई, वाढवा म्हणतात.
ती म्हणाली, काय म्हणायचं ते म्हणा, पण लवकर.
तेलाचं बोट फिरवून एकेक घेतली.
एकही पिचू दिली नाही.

पहिल्या केमोच्या रात्री मी मोजत बसले.
आम्हाला डझनात मोजायची सवय.
पहाटेपर्यंत एक डझन आणि वर तीन.
शेवटी नुसतं पिवळं पाणी,
आणि हापसा कोरडा पडल्यावर येतो
तसा तिचा आवाज.
खिडकी लावली तरी फटीतून डाळ मिलचा वास यायचा.
ज्या वासावर आमचं अर्धं शहर जेवतं
त्याच्याकडं पाठ करून ती बसलेली.
"वैनी, गाठीनं न्हाई मरायची मी,
ह्या वांत्यानंच मरंन."

दुसऱ्या खेपेला तहसीन मॅडम आल्या,
हातात सुयांची डबी.
आमचे हे म्हणाले, ढवळतंय पोट अन् सुई हाताला?
मोटार बोअरमधी बिघडली
अन् तुम्ही खांबावर चढताय.
मॅडम हसल्या. म्हणाल्या,
काका, कधीकधी फ्यूज खांबावरच असतो.

मग कौतिकाच्याच दुसऱ्या हाताची तीन बोटं
तिच्या मनगटाच्या घडीवर आडवी ठेवली.
माप ज्याचं त्याचं, म्हणाल्या,
माझ्या बोटांनी तुमचा हात मोजून चालत नाही.
तीन बोटं संपतात तिथं,
दोन दोऱ्यांच्या मधोमध.

मी वाकून बघितलं.
हात वर केला की बांगड्या घसरून थांबतात, ती ही जागा.
वीस वर्षं इथं माझा अंगठा फिरला,
खाली कुणी राहतं हे ठाऊक नव्हतं.

सुई केसाएवढी.
मॅडम आधीच बोलून मोकळ्या झाल्या:
ही आजारावरची सुई नाही. उलटीची गोळी बंद करायची नाही.
कुणाला लागू पडते, कुणाला नाही.
मग वीस मिनिटं तिचा तळवा धरून बसल्या,
काही न विचारता.

त्या रात्री पाच.
तिसऱ्या खेपेला चार.
चौथ्या खेपेला सात, खोटं कशाला बोलू?
मोठ्या डॉक्टरांनी मधेच गोळीही बदलली होती.
सुईचं किती, गोळीचं किती,
वीस मिनिटं हात धरल्याचं किती,
हा हिशोब मला डझनात बसवता येत नाही.
पण तिसऱ्या खेपेच्या सकाळी
तिनं ताकातल्या कण्या अर्धी वाटी खाल्ल्या
आणि म्हणाली, मीठ टाकायचं इसरलीस का गं?
दोन महिन्यांत पहिल्यांदाच
तिनं कशाला तरी नाव ठेवलं.
मी जिन्यात जाऊन रडले.

काल दुकानात रेणापूरची पोर आली,
सासूबरोबर, चोळीबांगडीला.
गालात चिंचेची गोळी, तोंड उतरलेलं.
हिरवी चढवताना माझा अंगठा थांबला.
"सैल व्हतीय का मावशी?"
नाही गं, म्हटलं. काही ठरतंय का पोटात?
सासूच बोलली, पाणीबी न्हाई ठरत.
आधी डॉक्टरीणबाईला दाखवा, म्हटलं.
आणि थांब जराशी,
तुझीच तीन बोटं ठेव इथं. हां.
आता दाब, हळू.
मागं गिऱ्हाईक ओरडत होतं.

कौतिकाच्या बांगड्या गल्ल्यामागं कागदात आहेत.
आज भरल्या तर कोपरापर्यंत जातील.
मंगळवारी पाचवी खेप.
दोन-चारचा एक डझन बाजूला काढून ठेवलाय,
रंग तिला विचारायचा राहिलाय.